खानदेशातील पलटणीचा वारा

मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश कंपनी सरकारच्या हवाली केला आणि १८१८ च्या फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्लेदाराला, तुळशीराम मामाला, फासावर चढवून जनरल हिस्लॉपने तो तह अमलात आणला, तेव्हा अंमलाबरोबर या मुलखाचे लष्करी वाद्यही पालटले. नौबत मागे सरली आणि पलटणीचा बँड पुढे आला.

नौबतीचा मान सरदाराच्या दर्जाप्रमाणे सरकारातून मिळे, हे खरे. परंतु तो इतमाम दूर ठेवून पाहिल्यास, एका सनईवाल्याने राग विस्तारावा, दुसऱ्याने त्याच्यामागे अखंड सूर धरावा आणि चौघड्याने दोघांना सांभाळावे, ही तिची रचना मूळची बैठकीचीच होती. युरोपातही लष्करी बँडच्या उदरात असाच एक लहान मेळ वाढला होता. ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून यांच्या जोड्यांनी सिद्ध होणारा तो आठांचा ताफा पलटणीपुढे चाले आणि अधिकाऱ्यांच्या भोजनसमयी बसूनही वाजवी. व्हिएन्नाच्या दुसऱ्या जोसेफ बादशहाने १७८२ मध्ये असा ताफा दरबारी चाकरीत घेतला, आणि मोझार्टने अशा आठांसाठी सेरेनेड रचल्या. त्यातला ओबो दुहेरी पत्तीचा, म्हणजे सनईच्याच गोत्रातला.

खानदेशाच्या वाट्याला मात्र या संगीताचे कवायती अंगच आले. कंपनीचा अधिकारी जेम्स औट्रम याने १८२५ मध्ये धरणगावी अवघ्या नऊ भिल्लांनिशी उभारण्यास आरंभ केलेली भिल्ल पलटण घाटवाटांच्या बंदोबस्तासाठी होती. त्यामुळे डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्ररात्र पावरीचे सूर घुमवणाऱ्या या प्रदेशात कवायतीला हवा होता तो हुकमाचा बिगूल, आलापाला तेथे वाव नव्हता. १८९१ मध्ये ती पलटण पोलीस दलात विलीन झाली.

साहेबांच्या मेजवानीतला तो आठांचा मेळ बाजारात उतरला नाही. उतरली ती वाद्ये. जळगाव-धुळ्याच्या वरातींत झालरीचा गणवेश घालून चालणारा बँड हा पलटणीचाच वारस. त्यातला क्लॅरिनेटवाला मात्र अहिराणी गाण्याची चाल धरताच मींड घेतो, सूर घोळवतो आणि सनईवाल्याची जागा चालवतो. खानदेशाने साहेबाकडून वाद्य घेतले आणि वाजवण्याची रीत आपली ठेवली. हा व्यवहार माझ्या मते तोट्याचा झाला नाही.