वॉकर (आडनाव)

वॉकर हे मूळचे इंग्लंड व स्कॉटलंडमधील व्यवसायदर्शक आडनाव आहे. मागावरून उतरलेले लोकरी कापड पाण्यात तुडवून स्वच्छ व घट्ट करणाऱ्या कारागिरास मध्ययुगीन इंग्लिश भाषेत 'वॉकर' म्हणत. आजच्या इंग्लिशमध्ये या शब्दाचा अर्थ 'चालणारा' असा होतो. त्यामुळे आडनावाचा संबंध पायी प्रवास करण्याशी जोडला जातो; परंतु तो ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर नाही. याच व्यवसायावरून फुलर आणि टकर ही आणखी दोन आडनावे निर्माण झाली व ती इंग्लंडच्या वेगवेगळ्या भागांत रूढ झाली. मध्ययुगात ज्या शतकांमध्ये ही आडनावे वंशपरंपरागत होत होती, त्याच शतकांमध्ये कापड पायाने तुडवण्याचे काम पाणचक्क्यांकडे जाऊ लागले होते.

व्युत्पत्ती

प्राचीन इंग्लिशमधील 'वेआल्कान' या क्रियापदाचा अर्थ 'लोळवणे, घोळवणे, इकडून तिकडे हलवणे' असा होता. त्यापासून 'वेआल्केरे', म्हणजे कापड घोळवून तुडवणारा, हे नाम तयार झाले. मध्य इंग्लिश काळात त्याचे रूप 'वॉकर' झाले. 'चालणे' या अर्थाचे आजचे इंग्लिश क्रियापदही याच धातूपासून आले आहे. 'पायी जाणे' हा अर्थ मात्र त्याला पुढे मध्य इंग्लिश काळात चिकटला. म्हणजेच आडनाव व क्रियापद एकाच मुळाची दोन फळे आहेत. एक दुसऱ्यापासून निघालेले नाही. जर्मन भाषेत 'वाल्केन' या क्रियापदाचा अर्थ आजही कापड तुडवून दाट करणे असाच आहे आणि त्यावरून वाल्कर व वेल्कर ही जर्मन आडनावे बनली आहेत.

फुलर हे आडनाव लॅटिनमधील 'फुल्लो' (कापड तुडवणारा) या शब्दापासून आले. तो शब्द प्राचीन इंग्लिशमध्ये आधीच रुळला होता. नॉर्मन विजयानंतर त्याच मुळाच्या फ्रेंच शब्दामुळे त्याला बळ मिळाले. टकर हे आडनाव प्राचीन इंग्लिशमधील 'तुकियान' म्हणजे 'छळणे, पीडा देणे' या क्रियापदाशी निगडित आहे. कापडाला होणारी मारझोड लक्षात घेता हा अर्थबदल समजण्यासारखा आहे.

चौदाव्या शतकात जॉन विक्लिफच्या अनुयायांनी केलेल्या बायबलच्या इंग्लिश भाषांतरात, मार्कच्या शुभवर्तमानातील शुभ्र वस्त्रांच्या प्रसंगी, 'फुलर' व 'वॉकर' हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी योजलेले आढळतात. एका प्रदेशातील वाचकाला दुसऱ्या प्रदेशातील शब्द कळेलच असे नाही, ही अडचण त्यावरून दिसते. मराठी बायबलमध्ये याच जागी 'परीट' हा शब्द येतो. परिटाचे काम वापरलेले कपडे धुण्याचे असते, तर वॉकरचे काम नव्या कापडाला वापरण्याजोगे करण्याचे होते.

व्यवसायाचे स्वरूप

मागावरून उतरलेले लोकरी कापड सैल, विरविरीत व तेलकट असते. लोकरीत मेंढीच्या अंगची नैसर्गिक चरबी असते; शिवाय सूत कातताना व विंचरताना लोकरीला तेल किंवा लोणी लावले जाई. ही स्निग्धता काढल्याखेरीज कापडावर रंग नीट चढत नसे. त्यासाठी कापड मोठ्या कुंडात टाकून त्यात पाणी, शिळे मूत्र आणि एक विशिष्ट चिकणमाती मिसळली जाई. शिळ्या मूत्रातील अमोनियामुळे चरबी सुटते व माती ती शोषून घेते. या मातीचे इंग्लिश नाव याच व्यवसायावरून 'फुलरची माती' असे पडले. भारतात ती मुलतानी माती या नावाने परिचित आहे.

कुंडात उतरून कारागीर अनवाणी पायांनी कापड तासन्‌तास तुडवत असत. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल, उष्णता व सततची रगड यांमुळे ते एकमेकांत अडकतात, ताण्याबाण्यातील फटी बुजतात आणि कापड आक्रसून दाट होते. नमदा ज्या गुणधर्मामुळे तयार होतो तोच गुणधर्म येथे उपयोगी पडतो. त्यानंतर कापड धुऊन लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवले जाई, म्हणजे ते समान रुंदीचे व सपाट होई. शेवटी त्यावरची लव उभी करून मोठ्या कात्रीने कातरली जाई. हे कातरणाऱ्याच्या नावावरून शेरमन हे आडनाव आले.

हा व्यवसाय प्राचीन आहे. इटलीतील पॉम्पेई येथील उत्खननात अशा कार्यशाळा सापडल्या असून, कुंडात उभे राहून कापड तुडवणारे कामगार तेथील भित्तिचित्रांत दिसतात. दुर्गंधी व सततची ओल यांमुळे हे काम कष्टाचे व अप्रतिष्ठित मानले जाई. परंतु ते झाल्याशिवाय लोकरी कापडाला बाजारात किंमत नव्हती.

पाणचक्कीचे आगमन

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये कापड कुटणाऱ्या पाणचक्क्यांचे उल्लेख मिळू लागतात. नाइट्स टेम्प्लर या धार्मिक-लष्करी संघाने इ.स. ११८५ मध्ये केलेल्या आपल्या मालमत्तेच्या पाहणीत अशा चक्क्यांची नोंद आहे. पाण्याच्या चाकाला जोडलेला दांडा फिरला की जड लाकडी हातोडे आळीपाळीने उचलले जात व कुंडातील कापडावर आदळत. त्यामुळे अनेक माणसांच्या पायांचे काम एक चक्की एका देखरेख्याच्या हाताखाली करू लागली. इतिहासकार एलिनॉर कॅरस-विल्सन यांनी १९४१ मध्ये या बदलाला 'तेराव्या शतकातील औद्योगिक क्रांती' असे संबोधले. ही मांडणी अतिशयोक्त असल्याचे मत नंतरच्या काही इतिहासकारांनी मांडले.

चक्की बहुधा जमीनदाराच्या किंवा मठाच्या मालकीची असे आणि तिच्या वापरासाठी शुल्क द्यावे लागे. त्यामुळे घरी कापड तुडवण्याचा हक्क हा संघर्षाचा विषय बनला. सेंट ऑल्बन्स येथे इ.स. १२७४ च्या सुमारास मठाधिपतीने नगरवासीयांवर मठाच्याच चक्कीत कापड कुटून घेण्याची सक्ती केली. नगरवासीयांनी न्यायालयात दाद मागितली, मात्र निकाल त्यांच्या विरुद्ध गेला.

तरीही पायाने तुडवण्याची पद्धत लगेच नाहीशी झाली नाही. चौदाव्या शतकातील कवी विल्यम लँगलंड याच्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात पायांनी तुडवणे व यंत्राने कुटणे या दोन्ही पद्धतींचा एकत्र उल्लेख येतो. उत्तर इंग्लंडमध्ये या चक्कीलाही 'वॉक मिल' असेच नाव पडले. पाय गेले तरी त्यांच्या कामाचा शब्द टिकला आणि चक्की चालवणाराही 'वॉकर'च म्हणवला गेला. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर स्त्रिया एकत्र बसून, गाणी म्हणत, हातांनी कापड घोळवून घट्ट करीत. ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत चालू होती.

आडनाव म्हणून रूढ होणे

इ.स. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वी इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे नव्हती. एकाच नावाच्या अनेक व्यक्तींमध्ये फरक करण्यासाठी पित्याचे नाव, गाव, शारीरिक वैशिष्ट्य किंवा व्यवसाय यांचा उल्लेख केला जाई. सुरुवातीला ही उपनामे त्या व्यक्तीपुरतीच असत. पुढील तीन-चार शतकांत ती हळूहळू मुलांकडे जाऊ लागली. दक्षिणेत ही प्रक्रिया लवकर, तर उत्तरेत उशिरा पूर्ण झाली. जुन्या कागदपत्रांत व्यवसायाच्या नावाआधी 'ल' हे फ्रेंच उपपद लावलेले आढळते. लॅटिनमध्ये लिहिणारे कारकून मात्र वॉकर, फुलर व टकर या तिघांनाही 'फुल्लो' असेच लिहीत.

१३७७, १३७९ व १३८१ मध्ये इंग्लंडमध्ये डोईपट्टी आकारण्यात आली. तिच्या याद्या आडनावांच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन आहेत. काही याद्यांत नावाबरोबर व्यवसायही नोंदलेला असल्यामुळे आडनाव अद्याप व्यवसायाचे निदर्शक होते की केवळ वारशाने आले होते, हे पडताळता येते. वस्त्रोद्योगातून आलेल्या इतर आडनावांमध्ये वेब, वेबर व वेब्स्टर (विणकर), डायर व लिस्टर (रंगारी) आणि टेलर (शिंपी) यांचा समावेश होतो.

भौगोलिक वितरण

एकाच व्यवसायाची तीन नावे इंग्लंडच्या बोलीभेदांचा नकाशाच दाखवतात. वॉकर हे नाव उत्तर इंग्लंड, मिडलँड्सचा पश्चिम भाग व स्कॉटलंड येथे, फुलर हे आग्नेय व पूर्व इंग्लंडमध्ये, तर टकर हे डेव्हन, सॉमरसेट व कॉर्नवॉल या नैर्ऋत्येकडील परगण्यांत प्रामुख्याने आढळते. एक्सेटर येथील विणकर, कापड तुडवणारे व लव कातरणारे यांच्या संघाची, १४७१ मध्ये बांधलेली वास्तू 'टकर्स हॉल' या नावाने आजही उभी आहे. कॉर्नवॉलमधील टकिंगमिल या गावाचे नावही अशाच चक्कीवरून पडले. वेल्श भाषेत या चक्कीला 'पांडी' म्हणतात. टोनीपांडी या गावाच्या नावात तो शब्द आहे.

सतराव्या शतकापासून स्थलांतरितांबरोबर हे आडनाव उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे पोहोचले. इंग्लंड व वेल्समध्ये ते सर्वाधिक प्रचलित वीस आडनावांत गणले जाते. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत ५,०१,३०७ व्यक्तींचे आडनाव वॉकर होते व त्याचा क्रमांक २८वा होता. तेथील वॉकर आडनावाच्या लोकांत आफ्रिकन-अमेरिकनांचे प्रमाण मोठे आहे. गुलामगिरीच्या काळात व तिच्या अंतानंतर कृष्णवर्णीयांनी स्वीकारलेली किंवा त्यांच्यावर लादली गेलेली इंग्लिश आडनावे त्यांच्या पूर्वजांचा व्यवसाय किंवा मूळ प्रदेश सांगत नाहीत. त्यामुळे आडनावाचा अर्थ आणि ते धारण करणाऱ्या व्यक्तीची वंशावळ या दोन भिन्न गोष्टी ठरतात.

अर्थाविषयीचे गैरसमज

राजाच्या राखीव वनाच्या ठरावीक भागात फिरून पहारा करणाऱ्या अधिकाऱ्यालाही इंग्लिशमध्ये 'वॉकर' म्हणत. त्यामुळे हे आडनाव वनरक्षकांवरून आले असेही सांगितले जाते. मात्र लोकर व्यवसायाच्या प्रदेशांतील त्याची दाटी, फुलर व टकर यांच्याशी त्याने केलेली प्रदेशांची वाटणी आणि जर्मन समांतर रूपे यांमुळे कापड तुडवणारा हाच अर्थ प्रमुख मानला जातो.

'चालणारा' हा लोकप्रिय अर्थ दृढ होण्यास एका व्यापारचिन्हानेही हातभार लावला. स्कॉटलंडमधील किल्मार्नॉक येथील किराणा व्यापारी जॉन वॉकर (१८०५–१८५७) याच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या जॉनी वॉकर या व्हिस्कीसाठी १९०८ मध्ये चित्रकार टॉम ब्राउन याने लांब ढांगा टाकत चालणाऱ्या गृहस्थाचे चित्र काढले. याच व्हिस्कीवरून दिग्दर्शक गुरुदत्त यांनी बदरुद्दीन काझी या अभिनेत्यास 'जॉनी वॉकर' हे नाव दिले. मुंबईत बसवाहक म्हणून काम केलेले हे विनोदी अभिनेते हिंदी चित्रपटसृष्टीत त्याच नावाने ओळखले गेले.

उल्लेखनीय व्यक्ती

• अलेक्झांडर वॉकर (१७६४–१८३१) – ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी व बडोद्याच्या गायकवाड दरबारातील रेसिडेंट. काठियावाडातील संस्थानिकांनी द्यावयाची खंडणी निश्चित करणारी १८०७ ची व्यवस्था त्याच्या नावाने ओळखली जाते.

• जॉन वॉकर (१७८१–१८५९) – घर्षणाने पेटणाऱ्या आगकाडीचा इंग्लिश संशोधक.

• डेव्हिड वॉकर (मृत्यू १८३०) – गुलामगिरीविरोधी आफ्रिकन-अमेरिकन लेखक. त्याची 'अपील' ही पुस्तिका १८२९ मध्ये बॉस्टन येथे प्रसिद्ध झाली.

• मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) – केशप्रसाधनांच्या व्यवसायातून संपत्ती मिळवणारी आफ्रिकन-अमेरिकन उद्योजिका. मूळ नाव सेरा ब्रीडलव्ह. वॉकर हे पतीकडून आलेले आडनाव.

• गिल्बर्ट वॉकर (१८६८–१९५८) – लँकशायरमधील रॉचडेल येथे जन्मलेले गणितज्ञ. १९०४ ते १९२४ या काळात भारतातील वेधशाळांचे महासंचालक. मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याच्या प्रयत्नात त्यांनी प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुदाबाच्या चढउताराचा परस्परसंबंध शोधला. एल निनोच्या अभ्यासातील 'वॉकर अभिसरण' ही संज्ञा त्यांच्या नावावरून आली.

• जॉन अर्नेस्ट वॉकर (जन्म १९४१) – यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. १९९७ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी.

• ॲलिस वॉकर (जन्म १९४४) – अमेरिकन लेखिका. 'द कलर पर्पल' या कादंबरीसाठी १९८३ मध्ये पुलित्झर पारितोषिक.

हे आडनाव मधले नाव म्हणूनही आढळते. अमेरिकेचे ४३वे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉकर बुश यांच्या नावातील 'वॉकर' हे त्यांचे पणजोबा जॉर्ज हर्बर्ट वॉकर यांच्याकडून आले आहे.

हेही पहा

• फुलर (आडनाव)
• टकर (आडनाव)
• वेब्स्टर (आडनाव)
• मुलतानी माती
• पाणचक्की