जुने यंत्र आणि नवी जमीन

'जुने ते सोने' ही म्हण सोने हुडकणाऱ्या यंत्राच्या बाबतीत तरी खरी ठरावी, असे कुणालाही वाटेल. परंतु धातुशोधक यंत्रांच्या बाजाराची रीत उलटी आहे. दर दोन-चार वर्षांनी नवा नमुना येतो. तो अधिक खोलवरचे शोधतो, अधिक नेमकी पारख करतो, असे सांगितले जाते. मग कालपर्यंत विश्वासाने वापरलेले यंत्र आज अडगळीत टाकण्याजोगे झाले की काय, अशी शंका त्याच्या मालकाला छळू लागते. ही शंका केवळ हौशी माणसाची असती, तर तिची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. पण हेच यंत्र हाती घेऊन सुरुंग पेरलेल्या भूमीवर पाऊल टाकणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो, आणि त्याच्या उत्तरावर त्याचा प्राण अवलंबून असतो. सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाला काय उत्तर देतो, ते पाहण्यासारखे आहे.

2 जुलै 1881 रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांतील एक पाठीतून शिरून शरीरातच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप चौदा वर्षांचा अवकाश होता; म्हणून दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी गोळी हुडकण्यासाठी एक यंत्र सिद्ध केले. त्याचे तत्त्व सोपे होते. तारेची दोन वेटोळी अशा तोलाने मांडावयाची, की कानाशी धरलेल्या यंत्रात शांतता राहावी. जवळपास धातू आला की हा तोल बिघडतो आणि कानात आवाज उमटतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात लागलेल्या गोळ्या अंगात बाळगून जगणाऱ्या जुन्या सैनिकांवर बेल यांनी यंत्राची परीक्षा घेतली, आणि यंत्र त्या परीक्षेस उतरले. राष्ट्राध्यक्षांच्या शय्येपाशी मात्र ते अयशस्वी झाले. शय्येखाली पोलादी तारांच्या स्प्रिंगा होत्या, आणि उपचार करणाऱ्या प्रमुख डॉक्टरांचा समज असा, की गोळी उजव्या बाजूस आहे. म्हणून शोध तेथेच झाला. 19 सप्टेंबरला गारफील्ड निवर्तले. शवपरीक्षेत गोळी डाव्या बाजूस सापडली. यंत्र त्या काळी अगदी नवे होते. पण खाली काय अंथरले आहे आणि शोध कोठे घ्यावयाचा, हे त्या नवेपणाला ठरविता आले नाही.

यानंतर साठ वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, हे तत्त्व रणभूमीवर आले. हिटलरच्या आक्रमणामुळे मायदेश सोडून स्कॉटलंडमध्ये आलेल्या पोलिश सैन्यात युझेफ कोसात्स्की नावाचे एक अधिकारी होते. 1941 मध्ये त्यांनी सैनिकाला हाती धरून चालता येईल असे सुरुंगशोधक यंत्र तयार केले. त्याचे वजन सुमारे 14 किलो होते. कोसात्स्की यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. आपली रचना त्यांनी ब्रिटिश सैन्याला देऊन टाकली. ऑक्टोबर 1942 मध्ये ईजिप्तमधील अल अलामीनच्या लढाईत अशी सुमारे 500 यंत्रे वापरली गेली. त्यापूर्वी संगिनीने माती टोचून तासाला सुमारे 100 चौरस मीटर जमीन सुरुंगमुक्त करता येई; यंत्रामुळे हा वेग दुप्पट झाला. लाखो सुरुंगांनी भरलेल्या त्या वाळवंटात दुप्पट वेग म्हणजे किती सैनिकांचे प्राण, याचा विचार ज्याचा त्याने करावा. पुढे या यंत्राचे सुधारित नमुने निघत गेले. तथापि त्याच मूळ कल्पनेचे वंशज ब्रिटिश सैन्यात जवळजवळ अर्धशतक टिकून राहिले.

मग या यंत्राला जुने ठरविले कोणी? एखाद्या नव्या यंत्राने नव्हे; प्रथम ते काम शत्रूच्या सुरुंगाने केले. जर्मनांनी लाकडी पेटीचा सुरुंग बनविला. त्यात धातू अत्यल्प असे. पुढे काचेचे सुरुंगही निघाले. कर्णयंत्रातील शांतता आजवर अभय देत होती. आता तीच शांतता फसवू लागली. त्यामुळे ज्या संगिनीला यंत्राने निवृत्त केले होते, तीच पुन्हा हाती घेऊन सैनिकांना गुडघ्यांवर बसून माती टोचावी लागली. इटलीच्या मोहिमेत लाकडी सुरुंगांचा उपद्रव फार झाला, आणि त्या मोहिमेत मराठी सैनिकही लढत होते. बेळगावात केंद्र असलेल्या मराठा रेजिमेंटचे नगर जिल्ह्यातील जवान नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीच्या काठी, गोळीबाराच्या वर्षावात, आपल्या दोन जखमी साथीदारांना सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी आणले. या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा क्षणी जवळ कोणत्या सालचे यंत्र आहे, हा प्रश्नच उरत नाही. पायाखाली काय आहे, एवढाच उरतो.

दुसरी कसोटी जमिनीची. युद्ध संपल्यावर ही यंत्रे हौशी शोधकांच्या हाती आली. 1970 च्या दशकात लोखंडी खिळा आणि चांदीचे नाणे यांतील फरक सांगणारी यंत्रे निघाली. परंतु ज्या मातीतच लोहाचा अंश विपुल असतो, ती माती यंत्राला स्वतःच धातूसारखी भासते, आणि ते अखंड कुरकुरत राहते. ऑस्ट्रेलियातील सुवर्णक्षेत्रांची तांबडी माती अशीच आहे. विजेचे क्षणिक ठोके सोडून त्यांचा प्रतिसाद विरत असता ऐकणारी नवी यंत्रे 1990 च्या दशकात तेथे आली, तेव्हा पूर्वीच्या यंत्रांनी पालथ्या घातलेल्या त्याच भूमीतून पुन्हा सोने निघू लागले. येथे नव्याने जुन्याला खरोखरच हरविले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गोवा, कोकण आणि बेळगावच्या पश्चिमेकडील घाटमाथा येथील जांभ्याची तांबडी जमीनही लोहयुक्तच. तेथे जुने यंत्र गोंधळले तर तो त्याच्या वयाचा दोष नव्हे. त्या मातीसाठी ते घडविलेलेच नव्हते.

याउलट इंग्लंडच्या सौम्य मातीने 2009 मध्ये निराळाच दाखला दिला. त्या वर्षी जुलै महिन्यात स्टॅफर्डशायर परगण्यातील हॅमरविच गावाजवळच्या एका नांगरलेल्या शेतात एका हौशी शोधकाला अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचा ठेवा गवसला. त्यात सुमारे 4 किलो सोने होते, आणि त्याचे मोल सुमारे 33 लाख पौंड ठरले. शोधकाच्या हातातील यंत्र चौदा वर्षांचे जुने होते! पुढे पुरातत्त्वज्ञांनी ते शेत काळजीपूर्वक तपासले. तरीही 2012 मध्ये ते पुन्हा नांगरले गेल्यावर आणखी सुमारे 80 तुकडे मिळाले. नांगराच्या फाळाने मातीची उलथापालथ केली आणि खालचे वर आले. ज्याची आशा सुटली होती ते शेत पुन्हा बोलू लागले.

तेव्हा यंत्राला जुने ठरविणारा पंच दुकानदार नव्हे. शोधावयाची वस्तू बदलली, जमीन बदलली किंवा काम बदलले, म्हणजे यंत्र जुने होते; यांतील काहीच बदलले नसेल, तर नव्या नमुन्याच्या आगमनाने जुन्याचा कान बहिरा होत नाही. मात्र याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सवयीचे यंत्र म्हणून त्यावर आंधळा विश्वास टाकणे हेही घातकच. लाकडी सुरुंगाने हा धडा रक्ताने शिकविला.

आज प्लॅस्टिकच्या सुरुंगांतील धातूचा कण कित्येकदा इतका लहान असतो, की धातुशोधकाच्या जोडीला जमिनीत लहरी सोडणारे रडारही वापरावे लागते. तरीही सुरुंग काढणाऱ्यांच्या शिस्तीत एक जुना नियम कायम आहे. यंत्र नवे असो वा जुने, काम सुरू करण्यापूर्वी, ज्या जमिनीवर चालावयाचे तेथेच, माहीत असलेला धातूचा तुकडा ठेवून ते पारखून घ्यावयाचे. त्या तुकड्यावर यंत्र बोलले, तरच पुढचे पाऊल टाकावयाचे. यंत्राचे वय विचारण्याची याहून प्रामाणिक रीत आजवर निघालेली नाही.