संकेत (नाट्यसंस्था)

संकेत : शंकर नाग (१९५४–१९९०) आणि अरुंधती नाग यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत उभी केलेली कन्नड नाट्यसंस्था. रंगमंच, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींत तीच माणसे वावरली, हे तिचे वैशिष्ट्य. तिची मुळे मात्र मुंबईत आहेत.

शंकर होन्नावरचे. पुढे ते मुंबईला आले आणि मराठी नाटकात रमले. ‘२२ जून १८९७’ (१९७९) या चापेकर बंधूंवरील मराठी चित्रपटाच्या पटकथालेखनात त्यांचा सहभाग होता. अरुंधती (माहेरच्या राव) याच शहरात मराठी, गुजराती आणि हिंदी नाटकांत कामे करीत होत्या. गिरीश कार्नाड यांच्या ‘ओंदानोंदु कालदल्लि’ (१९७८) या चित्रपटाने शंकर यांना कर्नाटकात नायक केले आणि मुक्काम बंगळुरूला हलला.

संकेतने आरंभी कार्नाडांचे ‘अंजुमल्लिगे’ केले. मराठी वाचकाला जवळची वाटतील ती पुढची दोन नाटके : जयवंत दळवींची ‘संध्याछाया’ आणि ‘बॅरिस्टर’, दोन्ही कन्नडमध्ये. मुंबईत पाहिलेले, मनात मुरलेले नाटक शंकर यांनी असे दक्षिणेत नेले. ‘नोडी स्वामी नाविरोदु हीगे’ हे नाटक त्यांनी पुढे पडद्यावरही आणले. कार्नाडांच्या ‘नागमंडल’चा प्रवास याहून लांबचा. संकेतच्या प्रयोगासाठी गोपाळ वाजपेयी यांनी गीते लिहिली, सी. अश्वत्थ यांनी संगीत दिले. १९९७ मध्ये टी. एस. नागाभरण यांनी त्यावर चित्रपट केला तेव्हाही गीते आणि संगीत याच जोडीचे होते. नाटकाची गाणी चित्रपटाने गिळावी आणि तरी ती नाटकाचीच वाटावी, असे क्वचित घडते.

त्या काळी कन्नड चित्रपटाला आवाजाच्या कामासाठी मद्रासची वाट धरावी लागे. शंकर यांनी बंगळुरूतच ‘संकेत’ नावाचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ काढला. ‘मिंचिन ओट’ (१९८०) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. त्यांनीच दिग्दर्शित केलेली, आगुंबे गावात चित्रित झालेली ‘मालगुडी डेज’ मालिका १९८६ पासून दूरदर्शनवर आली, आणि एल. वैद्यनाथन यांची तिची धून देशभर घरोघरी पोचली.

३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात शंकर यांचे निधन झाले. ‘जोकुमारस्वामी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी ते निघाले होते. वय अवघे पस्तीस. जबर जखमी झालेल्या अरुंधती सावरल्या आणि स्नेह्यांसह संकेत ट्रस्टमार्फत नाट्यगृहाच्या मागे लागल्या. जागा, पैसा, परवानग्या यांत दशकभर गेले. जे. पी. नगरातले ‘रंगशंकरा’ २००४ च्या ऑक्टोबरात उघडले.

पुढच्याच वर्षी तिथे कार्नाडांचे ‘ओडकलु बिंब’ आले. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरची स्वतःचीच प्रतिमा लेखिकेची उलटतपासणी घेते, असा त्याचा घाट. आधी चित्रित केलेली अरुंधती आणि मंचावरची जिवंत अरुंधती यांचा संवाद क्षणाच्याही चुकीविना जुळवावा लागे. नाटक आणि चित्रपट यांची गाठ संकेतच्या माणसांनी याहून घट्ट कधी बांधली नाही.

सुमारे ३२० आसनांच्या या गृहात आठवड्यातून सहा दिवस प्रयोग होतात. जाणाऱ्या मराठी रसिकाने घड्याळ सांभाळावे; प्रयोग सुरू झाल्यावर आत घेत नाहीत.