कबरीत ठेवलेली वही

'गॉथिक' कविता म्हटले की पडके मठ, घुबडे, मध्यरात्रीचे टोले आणि चांदण्यातल्या कबरी डोळ्यांसमोर येतात. हा सारा सरंजाम अठराव्या शतकात जमला. एडवर्ड यंग, रॉबर्ट ब्लेअर, थॉमस ग्रे ह्या कवींनी १७४२ ते १७५१ ह्या काळात दफनभूमीत बसून चिंतन करण्याची वाट घालून दिली आणि १७६४ साली होरेस वॉलपोलच्या कादंबरीने भुताखेतांना साहित्यात पाट मांडून दिला. मला मात्र ह्या सरंजामापेक्षा त्याच्या मधोमध बसून रडणाऱ्या माणसाचे कुतूहल अधिक. रडणारे कोण आणि गेलेले कोण, एवढा एकच प्रश्न धरून ही कविता वाचत गेलो, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानात आली.

सुरुवात जर्मनीत होते. गॉटफ्रीड आउगुस्ट ब्युर्गर ह्या कवीने १७७३ साली 'लेनोर' नावाची दीर्घ कथाकविता लिहिली. लेनोरचा विल्हेल्म प्रागच्या लढाईवर गेला आहे. तह होतो, फौज ढोलताशे वाजवीत परत येते, पण तिच्यात विल्हेल्म नसतो. लेनोर केस उपटते, आईचे ऐकत नाही, थेट देवाशी भांडते. त्या रात्री दारात घोड्याच्या टापा वाजतात. विल्हेल्म तिला लग्नाच्या शेजेकडे न्यायला आलेला असतो. घोडा वाऱ्यासारखा धावतो, थांबतो तो एका कबरीपाशी, आणि स्वाराच्या अंगावरचे मांस गळून सांगाडा उरतो. देवाला बोल लावला, त्याची ही शिक्षा! कवितेचा हा शेवट मला कधीच पटलेला नाही. पण एक गोष्ट खरी, की ह्या कवितेत शोक करणारी बाई आहे, ती बोलते, ओरडते, देवालाही सोडत नाही. वॉल्टर स्कॉटचे पहिले पुस्तक निघाले १७९६ साली, आणि त्यात होते ह्याच कवितेचे रूपांतर.

आता अमेरिकेत या. एडगर ॲलन पो ह्याने १८४३ साली 'लेनोर' नावाची कविता छापली आणि जानेवारी १८४५ मध्ये त्याची 'द रेव्हन' प्रसिद्ध झाली. नाव तेच, पण पोची लेनोर मेलेली आहे. बोलतो तो तिचा प्रियकर, आणि त्याला उत्तर देतो एक डोमकावळा. शोक करणारीचे नाव मृतेला लागले, आणि त्याबरोबर तिचा आवाजही गेला. १८४६ साली पोने ही कविता आपण कशी रचली ह्यावर एक निबंध लिहिला. सुंदर स्त्रीचा मृत्यू हा जगातला सर्वांत काव्यमय विषय, आणि त्यावर बोलायला सर्वांत योग्य तोंड तिच्या वियोगी प्रियकराचे, असे त्यात त्याने गणित मांडावे तसे मांडले आहे. रसिकहो, हा निबंध लिहिला गेला तेव्हा त्याची तरुण बायको व्हर्जिनिया क्षयाने झिजत होती. १८४२ च्या जानेवारीत गाता गाता तिच्या तोंडून रक्त आले होते. ३० जानेवारी १८४७ रोजी ती गेली, वय अवघे २४. म्हणजे 'द रेव्हन' मधला शोक मृत्यूच्या आधीच लिहून झाला होता. ह्याला निर्दयपणा म्हणणारे टीकाकार आहेत. मला त्यात भीती दिसते. पाच वर्षे रोज मरण उशाशी घेऊन झोपणारा माणूस दुसरे काय लिहिणार?

तिसरा माणूस लंडनचा, दान्ते गॅब्रिएल रोझेटी. चित्रकार आणि कवी, बाप इटालियन निर्वासित. गॉथिक तर त्याच्या घरचेच, कारण 'द व्हॅम्पायर' (१८१९) लिहिणारा डॉक्टर जॉन पोलिडोरी हा त्याचा सख्खा मामा. ब्युर्गरच्या 'लेनोर'चे भाषांतर त्याने १८४४ साली, म्हणजे मिसरूडही नीट फुटले नसेल अशा वयात केले. पोचाही तो भक्त. पृथ्वीवर मागे राहिलेल्या प्रियकराचे दुःख पोने इतके लिहून ठेवले, की आपण उलट बाजूने, स्वर्गातल्या प्रेयसीच्या ओढीने लिहिले, असे त्याने पुढे हॉल केन ह्या तरुण मित्राला सांगितले होते. ती कविता, 'द ब्लेसेड डॅमोझेल', १८५० साली छापली गेली. म्हणजे ह्यानेही मृत प्रेयसी आधी लिहिली. ती मेली नंतर.

ती म्हणजे एलिझाबेथ सिडल, घरची लिझी. टोप्यांच्या दुकानात काम करणारी मुलगी. जॉन एव्हरेट मिलेने रंगवलेली पाण्यात तरंगणारी ऑफेलिया तीच. त्यासाठी ती पाण्याने भरलेल्या टबात पडून राहत असे. एकदा खालचे दिवे विझले, पाणी गारठले आणि ती आजारी पडली. ती स्वतः चित्रे काढी, कविता लिही. रोझेटीने लग्न लांबवत लांबवत मे १८६० मध्ये केले. पुढच्या वर्षी मुलगी जन्मली ती मृतच. ११ फेब्रुवारी १८६२ रोजी अफूच्या अर्काची, लॉडनमची मात्रा जास्त होऊन लिझी गेली. चौकशीत अपघात ठरला. लोक वेगळेच बोलत राहिले.

दफनाच्या वेळी रोझेटीने आपल्या कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली. ती आजारी असताना आपण ह्या कविता करीत बसलो, आता त्याही तिच्याबरोबर जाऊ देत, असा त्याचा भाव होता. बऱ्याच कवितांची दुसरी प्रत नव्हती. त्या क्षणी त्याचे दुःख खरे होते ह्याबद्दल मला शंका नाही.

सात वर्षांनी त्याला पुस्तक काढायचे झाले. गृहमंत्र्यांची परवानगी मिळवली गेली आणि ऑक्टोबर १८६९ मध्ये एका रात्री हायगेटच्या दफनभूमीत शेकोटी पेटवून कबर उघडली. चार्ल्स ऑगस्टस हॉवेल नावाचा उलाढाल्या मित्र हजर होता, रोझेटी नव्हता. मृतेचे केस वाढून पेटी भरली होती ही अद्भुत कथा ह्याच हॉवेलची, तेव्हा ती तेवढ्याच किमतीला घ्यावी. वही जंतुनाशकात भिजवून पान न पान वाळवले गेले. 'जेनी' ह्या कवितेच्या पानांना किड्यांनी मोठे भोक पाडले होते. १८७० साली 'पोएम्स' निघाले आणि खपलेही.

इथे आपल्याकडचा वाचक थोडा अडखळेल. कालिदासाने रघुवंशात अजाला आणि कुमारसंभवात रतीला मनसोक्त रडू दिले आहे; पुरुषालाही, बाईलाही. पण इंदुमती परत येत नाही, तिला चिता आहे. चितेवर ठेवलेली वही सात वर्षांनी मागता येत नाही! गॉथिक शोकाला पुरलेले शरीर लागते. आणि गोव्यात तर कबर उघडण्याचे तेवढे भयही नाही. जागा अपुरी म्हणून काही वर्षांनी ती उघडून अस्थी बाजूला ठेवतात, हे शेजारच्या ख्रिस्ती घरांमुळे आपण जाणतो. म्हणून मला उघडलेल्या कबरीपेक्षा परत घेतलेली भेट खुपते. शिवाय त्या पुस्तकातली कित्येक प्रेमकवने तोवर दुसरीसाठी, विल्यम मॉरिसच्या बायकोसाठी, जेनसाठी लिहिलेली होती.

लिझीच्या कवितांचे काय झाले? त्या पंधरा-सोळाच आहेत. विटलेले प्रेम, थकवा, मरणाची ओढ, आणि बोलणारी बहुधा बाईच. तिच्या हयातीत एकही छापली गेली नाही. १८६५ साली रोझेटीने त्या बहिणीकडे, ख्रिस्टिनाकडे पाठवल्या. एकत्र छापायला त्या फारच निराश आहेत असे तिचे मत पडले. काही कविता धाकटा भाऊ विल्यमने पुढे छापल्या. त्या सगळ्या मिळून पुस्तकरूपाने आल्या १९७८ साली. ख्रिस्टिनाचे हे मत वाचून मला आश्चर्य वाटते, कारण भावाच्या चित्रशाळेत एकच चेहरा पुन्हा पुन्हा कसा रंगवला जातो, जशी ती आहे तशी नव्हे तर त्याच्या स्वप्नातली, हे १८५६ सालीच कवितेत लिहिणारी तीच. आणि विशीच्या आतच तिने मेलेल्या बाईला बोलते केले होते. तिची मृता प्रियकराला न्यायला येत नाही. आठवण काढून दुःखी होण्यापेक्षा विसर, असे शांतपणे सांगते.

रोझेटीला पुढे झोप लागेना. १८७२ साली त्यानेही लॉडनम घेतले, पण तो वाचला. मरताना त्याची एक अट होती, मला हायगेटला पुरू नका. १८८२ च्या एप्रिलमध्ये त्याला बर्चिंग्टनला, समुद्राजवळ, मूठमाती दिली. हायगेटच्या कबरीत लिझीपाशी पुढे त्याची आई आली, आणि १८९५ च्या जानेवारीत ख्रिस्टिना.