गाडीवाट : तेहतीस फुटी साखळीपासून सातबाऱ्यापर्यंत



भात कापणीला आलंय. आता दिवाळीच्या आगेमागे आपल्या शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक गावात एकच वाद सुरू होईल : भारे न्यायला गाडी कुठून घालायची? म्हणून आज पिकाची नोंद बाजूला ठेवून वाटेची नोंद लिहितोय. जरा मागून सुरुवात करतो, कारण या वादाचं मूळ दीडशे वर्षांपूर्वीचं आहे.

रस्त्यांच्या बाबतीत आपला मुलूख कधीच मागे नव्हता. मुरबाडातून वैशाखऱ्यावरून वर चढणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून वाहता आहे. नागनिका राणीचा शिलालेख तिथल्या लेण्यात आजही आहे. कल्याण-सोपाऱ्याचा माल या वाटेने जुन्नरला जायचा. शहापुरातून मुंबई-आग्रा रस्ता गेला. १८६१ साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत पोचली. १८९२ ला तानसा धरण झालं आणि पाणी मुंबईला गेलं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच.

पण हे सगळे रस्ते आपल्या दारावरून गेले. घाटमाथ्याला बंदराशी किंवा मुंबईला उरलेल्या देशाशी जोडायचं हा त्यांचा हेतू. पाड्यातून खाचरात आणि खाचरातून बाजारात जाणारी वाट हा वेगळाच विषय, आणि तिचा इतिहास शिलालेखात नाही. तो गावनकाशात आहे.

ब्रिटिश काळात जमिनीची मोजणी झाली ती ३३ फुटांच्या साखळीने. या साखळीचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. वाटासुद्धा याच साखळीत बसवल्या. पायवाट सव्वाआठ फूट, म्हणजे पाव साखळी. गाडीवाट साडेसोळा फूट, म्हणजे अर्धी साखळी, आणि काही ठिकाणी २१ फुटांपर्यंत. गावनकाशात एकेरी तुटक रेघ दिसली तर ती पायवाट, दुहेरी तुटक रेघ दिसली तर गाडीवाट. "आमच्या बापजाद्यांपासून इथून गाड्या जायच्या" असं आपण तोंडाने सांगतो, पण अधिकाऱ्यासमोर पहिली साक्ष या रेघेची असते.

पैशाचं काय? १८६० च्या दशकात लोकल फंड आला आणि १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा जादा. त्यातले दोन हिस्से रस्त्यांना, एक हिस्सा शाळांना. म्हणजे रस्त्यासाठी शेतकरी तेव्हापासून स्वतःच्या खिशातून देत आलाय, कुणी उपकार केलेले नाहीत. साऱ्याच्या पावतीवर जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत उपकराचे रकाने आजही असतात, कधी निरखून बघा.

पुढे १९४३ साली नागपूरला देशभरातल्या मुख्य अभियंत्यांची बैठक झाली आणि रस्त्यांची उतरंड ठरली. तीच आज थोड्या फरकाने चालू आहे : राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सगळ्यात खाली ग्रामीण मार्ग. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खालच्या दोन पायऱ्या, म्हणजे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, त्यांच्याकडे आल्या. राज्याची रस्ते विकास योजना वीस-वीस वर्षांची. तिच्यात ज्या रस्त्याला क्रमांक मिळाला तो रस्ता. ज्याला मिळाला नाही त्याच्यासाठी कितीही अर्ज करा, "रस्ता योजनेत नाही" हे एकच उत्तर ठरलेलं.

१९७२ च्या दुष्काळात राज्यभर लोकांनी खडी फोडली, मातीचे रस्ते काढले. त्यातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. पण आपल्याकडचा पाऊस असा की पहिल्या दोन महिन्यांतच मुरूम ओढ्याला मिळतो. मोरी नाही, गटार नाही, नुसता मुरूम टाकला तर तो रस्ता एका पावसाचा पाहुणा. हे अभियंत्याला सांगायला पुस्तक लागत नाही, गावातला कुणीही सांगेल.

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. नियम असा की साध्या भागात ५०० लोकवस्ती, डोंगरी-आदिवासी भागात २५०. आता आपले पाडे बघा. चाळीस घरं इथं, पंधरा घरं ओढ्यापलीकडे. गाव जोडलं गेलं, पाडा राहिला. पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीतून आणायची वेळ येते ती याच पाड्यांवर. महामार्गावरच्या गाड्यांचे दिवे जिथून दिसतात, तिथून रुग्ण खांद्यावर येतो.

आणि आता नवीन अडचण. मुंबई-कल्याणकडचे लोक जमिनी घेतायत. घेऊ देत, व्यवहार आहे. पण पहिलं काम होतं ते तारेच्या कुंपणाचं. जुना मालक शेजारधर्माने गाडी जाऊ द्यायचा, नव्याला ती वहिवाट माहीतच नसते. सातबाऱ्यावर नोंद नाही, मग तो का ऐकेल? भेंडी लावणाऱ्याला तर पिकअप बांधापर्यंत आलीच पाहिजे. तोडा झाल्यावर माल थांबत नाही. डोक्यावर अर्धा कोस वाहायचा म्हटलं तर मजुरीतच भाव गेला.

अशा वेळी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी लिहून ठेवतो.

एक. चालू वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. "बघू, बोलू, दिवाळीनंतर बसू" म्हणत मुदत निघून जाते.

दोन. वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. मे २०२५ च्या शासन निर्णयाप्रमाणे शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद द्यायचा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात करायची आहे. बैलगाडीच्या काळातली वाट आता ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मापाने मागा.

तीन. वाट वनजमिनीतून जात असेल तर हात टेकू नका. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) मध्ये शाळा, पाणी, वीज, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत जागा मिळू शकते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटायला नकोत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची ७७ गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथं पेसामुळे ग्रामसभेचा शब्द आणखी वजनदार आहे. पेसाच्या पाच टक्के निधीतून पायाभूत सुविधांची कामंही घेता येतात.

चार. ग्रामपंचायतीत नमुना २३ मागा. ती रस्त्यांची नोंदवही. आपली वाट त्यात आहे का, लांबी-रुंदी लिहिली आहे का, ते बघा. नसेल तर ग्रामसभेत ठराव घाला. पाणंद रस्त्यांसाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री योजना आली, पण तिथेही गावाने आधी रस्त्यांची यादी द्यावी लागायची.

ग्रामसभेला गर्दी होते ती घरकुलाच्या यादीला. रस्त्याचा विषय निघेपर्यंत निम्मी माणसं उठलेली असतात आणि प्रोसिडिंगमध्ये "चर्चा झाली" एवढंच उरतं. "ठराव मंजूर, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, गट नंबर अमुक ते तमुक" असं लिहून घेतल्याशिवाय उठू नका, आणि सहीशिक्क्याची नक्कल घ्या.

दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी उन्हात साखळी ओढत चालला आणि नकाशावर दोन तुटक रेघा मारून गेला. त्या रेघांवर आजही निकाल लागतात. आपल्या वाटेची रेघ आहे की नाही, हे कुंपण पडायच्या आधी बघून घ्या.

तुमच्या गावच्या नकाशात गाडीवाट दिसते का, ते कळवा. कापणी बिनपावसाची जावो.