क्यूॲनॉन

क्यूॲनॉन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१७ मध्ये उद्भवलेली व आंतरजालाद्वारे फैलावलेली एक कट-कल्पना आणि तिच्याभोवती जमलेला अनुयायी वर्ग. डेमोक्रॅटिक पक्षाचे पुढारी, धनिक व चित्रपटसृष्टीतील नामवंत यांची एक गुप्त टोळी बालकांचे लैंगिक शोषण करते, शासनयंत्रणेवर तिचीच हुकमत चालते आणि डॉनल्ड ट्रम्प तिच्याशी छुपा लढा देत आहेत, असे या कल्पनेचे स्थूल स्वरूप होय. तिला आधार देणारा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. इतिहासाच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व त्यातील आरोपांपेक्षा संदिग्ध संकेतांतून गूढार्थ काढण्याच्या पद्धतीत अधिक आहे.

या पद्धतीचा मासला २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळीच दिसला होता. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेच्या अध्यक्षांची ई-पत्रे विकिलीक्सने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील पिझ्झा, चीज, पास्ता हे साधे उल्लेख बालकांच्या व्यापारातील सांकेतिक शब्द होत, असा अर्थ काहींनी लावला. वॉशिंग्टनमधील एका पिझ्झागृहाच्या तळघरात मुले डांबली आहेत, या समजुतीने ४ डिसेंबर २०१६ रोजी एक बंदूकधारी तेथे शिरला व त्याने गोळ्या झाडल्या. कोणी जखमी झाले नाही. तेथे मुले नव्हती. त्या इमारतीला तळघरच नव्हते.

पुढे २८ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘फोरचॅन’ या निनावी संदेशस्थळावर ‘क्यू’ अशी खूण धारण करणारा लेखक अवतरला. अण्वस्त्रविषयक गुपिते पाहण्याच्या ‘क्यू’ नामक परवान्यावरून ही खूण घेतलेली होती. क्लिंटन यांना ३० ऑक्टोबर रोजी अटक होणार, हे त्याचे पहिलेच भाकीत खोटे ठरले. त्यानंतर त्याने आपली शैली बदलली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. निश्चित विधानांऐवजी तुटक वाक्ये, आद्याक्षरे, आकडे व उत्तर न दिलेले प्रश्न यांचाच भरणा त्याच्या लेखनात होऊ लागला. डिसेंबर २०२० पर्यंत असे सु. ४,९५० संदेश निघाले. त्यांना पावाचे चुरे म्हणत आणि ते मळून अर्थाची पोळी भाजणारे अनुयायी स्वतःस ‘बेकर’ म्हणवीत. क्यू हे इंग्रजी वर्णमालेतील सतरावे अक्षर. म्हणून ट्रम्प यांच्या मुखातून १७ हा आकडा निघाला की ती खूण ठरे. त्यांच्या लेखनातील अशुद्धे, संदेश व ट्विट यांच्या वेळांमधील मिनिटांचे अंतर, छायाचित्रातील हातवारे, काहीही वर्ज्य नव्हते. बादरायण संबंध जोडण्याची ही रीत वाचकास श्रोता ठेवत नाही, संशोधक बनविते. स्वतः शोधून काढलेल्या अर्थाविषयी माणसास जी खात्री वाटते, ती ऐकीव गोष्टीविषयी वाटत नाही. या पंथाच्या बळाचे मर्म येथेच आहे.

ही रीत नवी नव्हे. शेक्सपिअरची नाटके फ्रान्सिस बेकनने लिहिली व तशी गुप्त कबुली त्यांत पेरून ठेवली, असे प्रतिपादन इग्नेशस डॉनेली या अमेरिकन राजकारण्याने द ग्रेट क्रिप्टोग्राम (१८८८) या विस्तृत ग्रंथात केले. त्यासाठी तो ठराविक आकड्यांनी पानांवरील शब्द मोजी आणि जुळत नसेल तेथे आकड्यांत फेरफार करी. त्याच वर्षी निकल्सन नामक इंग्लिश धर्मोपदेशकाने डॉनेलीचीच पद्धत वापरून तेच नाटक शेक्सपिअरने लिहिल्याची ‘कबुली’ काढून दाखविली. विल्यम व एलिझेबेथ फ्रीडमन या दांपत्याने द शेक्सपिरिअन सायफर्स एक्झामिन्ड (१९५७) या ग्रंथात अशा सर्व दाव्यांचा परामर्श घेतला. दोघेही निष्णात कूटलिपितज्ञ होते आणि तरुणपणी बेकनवाद्यांच्याच संशोधनगृहात त्यांची उमेदवारी झाली होती. त्यांची कसोटी सोपी आहे : कूटलेखाची उकल नियमबद्ध असावी आणि परस्परांपासून स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांना ती एकच मिळावी. क्यूच्या संदेशांना ही कसोटी लावताच ते गडगडतात. एका ओळीचे जितके वाचक, तितके अर्थ निघत.

नियमच नसल्यामुळे खंडनही शक्य होत नसे. भाकीत चुकले, तर शत्रूस चकविण्यासाठी मुद्दाम खोटी माहिती दिली, असे स्पष्टीकरण तयार असे. २० जानेवारी २०२१ रोजी जो बायडन यांचा शपथविधी निर्विघ्नपणे पार पडल्यावर अनेकांची श्रद्धा ढळली. पण त्याच दिवशी ट्रम्प यांच्या निरोपसमारंभातील ध्वज मोजून ते १७ भरल्याचा आनंद मानणारेही होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर अक्षरांना आकडे देऊन काढलेल्या अर्थावर विसंबून शेकडो लोक डॅलस येथे, जॉन एफ. केनेडी यांची हत्या झाली त्या जागी, १९९९ मध्येच विमान-अपघातात मरण पावलेल्या त्यांच्या पुत्राची वाट पाहत जमले. तो आला नाही. काही जण घरदार सोडून तेथेच आठवडेच्या आठवडे राहिले आणि त्यांचे आप्त त्यांना परत आणण्यासाठी धडपडत राहिले. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमधील संसदभवनावर चालून गेलेल्या जमावातही या पंथाची चिन्हे मिरविणारे अनेक होते. जर्मनी, ब्रिटन, जपान इ. देशांतही त्याचे लोण पोहोचले होते.

क्यू कोण, या प्रश्नाची उकल मात्र फ्रीडमन यांच्या कसोटीशी सुसंगत अशा मार्गाने झाली. स्वित्झर्लंडमधील व फ्रान्समधील दोन अभ्यासगटांनी भिन्न गणिती पद्धतींनी संदेशांतील शब्दयोजनेचे पृथक्करण केले. त्यांचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोन्ही गट त्याच दोन व्यक्तींपाशी येऊन थांबले : प्रारंभीचे लेखन या संदेशांच्या पहिल्या प्रचारकांपैकी एका दक्षिण आफ्रिकी संगणकतज्ञाचे, तर नंतरचे ‘एटचॅन’ या संदेशस्थळाच्या एका व्यवस्थापकाचे. दोघांनीही लेखकत्व नाकारले. दीड वर्ष गप्प असलेल्या क्यूच्या नावाने जून २०२२ मध्ये पुन्हा काही संदेश प्रकटले. त्यांतला एक प्रश्नच होता आणि अनुयायी लगेच त्याच्या अर्थाच्या मागे लागले.