कवायत कशाला?

आमचं वडपे मुंबई-नाशिक महामार्गावर. लष्कराच्या गाड्या दिसल्या की भाचा विचारतो, "मामा, क्षेपणास्त्रं असताना जवानांना कवायत कशाला?"

उत्तर इतिहासात आहे, मंडळी. १७६८ साली मुंबईच्या रक्षणासाठी कंपनीने शिपायांची पलटण उभारली. तीच पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीची 'जंगी पलटण' झाली. तेव्हाची बंदूक एक बार उडाला की पुन्हा ठासावी लागे. तेवढा वेळ आधार शेजाऱ्याच्या बंदुकीचाच. एकाने धीर सोडला की रांग फुटायची, आणि मग कोणीच वाचत नसे. म्हणून सगळ्यांचे हात-पाय एका हुकमावर चालायला शिकवत.

ठासणीच्या बंदुका गेल्या. बेळगावच्या केंद्रात नवे जवान मात्र आजही एका ठेक्यात पाय टाकतात. गोळीबारात मागे वळून न पाहता पुढे जायचं, तर शेजारी जागेवर असणारच ही खात्री लागते. ती मैदानावरच, रोज थोडीथोडी मुरते.